शाळेत आणि गावात व्यसन-प्रतिबंधाचं काम: एका शैक्षणिक वर्षाचा आराखडा

जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी येतो, आणि त्या दिवशी महाराष्ट्रातल्या शाळांना उन्हाळी सुट्टी असते. अमली पदार्थविरोधी दिन २६ जूनला. तेव्हा शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, विदर्भात तर जेमतेम घंटा वाजलेली असते. त्यामुळे फेरी, शपथ, घोषणा, फोटो आणि अहवाल एका सकाळीत उरकतात. पुढचे दहा महिने टपरीवाला निर्धास्त असतो.

नववी-दहावीच्या मुलांसमोर कुजलेल्या जबड्याचं चित्र धरून केलेलं तासाभराचं व्याख्यान हे प्रतिबंधाचं सर्वांत जास्त वापरलं जाणारं आणि सर्वांत कमी उपयोगाचं साधन आहे. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन ड्रग्जबद्दल शिकवत असे. पुढे तो देशभर पसरला, पण एकामागून एक अभ्यासांत टिकाऊ परिणाम दिसला नाही आणि शेवटी अभ्यासक्रमच बदलावा लागला. भीती दोन दिवस टिकते. शिवाय चित्रातला माणूस आणि वरातीत मावा मळणारा धडधाकट मामा यांचा मुलांच्या डोक्यात मेळ बसत नाही.

दुसरी अडचण वयाची. २०१९ च्या ग्लोबल यूथ टोबॅको सर्वेक्षणात भारतातली १३ ते १५ वयाची ८.५ टक्के शाळकरी मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरताना आढळली. ज्यांनी कधी ना कधी वापरून पाहिला, त्यांच्या सुरुवातीचं मध्यक वय सिगारेटसाठी ११.५, बिडीसाठी १०.५ आणि खाण्याच्या-लावण्याच्या तंबाखूसाठी ९.९ वर्षं होतं. म्हणजे मुलगा चौथी-पाचवीत असतो. नववीतलं व्याख्यान बस सुटल्यावर स्टँडवर पोचल्यासारखं आहे.

खालचा आराखडा म्हणून वयाच्या क्रमाने लावला आहे: पहिली-दुसरीत वर्गातलं वागणं, सहावी-सातवीत नकाराचं आणि रागाचं कौशल्य, आठवी-नववीत गैरसमज दूर करणं, आणि सर्वांसाठी घर आणि टपरी. व्यसन-प्रतिबंधाच्या शास्त्रात कामाचे तीन थर मानतात. सार्वत्रिक थर सगळ्या मुलांसाठी, निवडक थर जास्त धोक्यातल्या मुलांसाठी (घरात दारू, शाळागळती, हंगामी स्थलांतर), आणि लक्षित थर ज्यांनी सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी. वेळ आणि माणसं कमी असली तर पहिल्या थरावर जास्त खर्च करा. तो स्वस्त आहे आणि त्यात कुणावर शिक्का बसत नाही.

आधी मोजा: जुलैचे पहिले दोन आठवडे

प्रश्नावली आठवी आणि नववीला द्या. त्याखालच्या वर्गांना लेखी विचारू नका. लहान मुलं घाबरून किंवा गंमत म्हणून काहीही लिहितात, आणि पदार्थांची यादी त्यांना आपणच शिकवल्यासारखं होतं. वीस प्रश्न पुरेत, पंचवीस मिनिटं लागतात. पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी पाठवून कळवा आणि नको असेल तर मुलाला वगळण्याची मुभा द्या.

उत्तरं खरी यायची असतील तर कागदावर नाव, हजेरी क्रमांक, तुकडी, हस्ताक्षर यांपैकी काहीही नको. फक्त चौकटीत खूण. सगळ्यांना एकसारखी पेनं द्या. शिक्षकांनी फळ्याजवळ बसून राहायचं, बाकांमधून फिरायचं नाही. कागद मुलांनीच घडी घालून चिकटपट्टी लावलेल्या खोक्यात टाकायचे. गावातली शाळा असेल तर वर्गशिक्षकांऐवजी शेजारच्या शाळेतले शिक्षक किंवा आशाताई बसल्या तर उत्तम.

प्रश्न काळाला बांधलेले हवेत. ‘तू तंबाखू खातोस का?’ याला ‘नाही’ असंच उत्तर येतं. ‘गेल्या ३० दिवसांत किती दिवस मावा, खर्रा, गुटखा किंवा तंबाखू तोंडात ठेवलीस?’ आणि पर्याय ०, १-२, ३-९, १० किंवा जास्त. गावात जे नाव चालतं तेच छापा. विदर्भात ‘खर्रा’ लिहिलं नाही तर निम्मी उत्तरं हातची जातात. मिसरीचा प्रश्न वेगळा ठेवा, कारण मुली तिला तंबाखू मानतच नाहीत, दात घासण्याची वस्तू मानतात. पंक्चरचं सोल्यूशन आणि व्हाइटनर हुंगणं, बिअर, देशी, मोबाइलवरचे पैशांचे खेळ हेही घ्या.

यादीत अस्तित्वातच नसलेल्या पदार्थाचं एक नाव घाला, उदाहरणार्थ ‘तरोमिन’. ज्या कागदावर त्यापुढे ‘वापरलं’ अशी खूण असेल तो कागद बाजूला काढा. ही युक्ती युरोपातल्या शालेय पाहण्यांतही वापरतात.

आणखी तीन प्रश्न फार कामाचे आहेत. ‘तुझ्या वर्गातली दहापैकी किती मुलं तंबाखू खात असतील असं तुला वाटतं?’, ‘पहिली पुडी कुणी दिली किंवा कुठून घेतली?’ आणि ‘शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंत घरातलं मोठं माणूस कुठे असतं?’ पुढच्या कामाचा नकाशा बहुतेक याच तीन उत्तरांतून निघतो.

आकडे काढताना पंधरापेक्षा कमी मुलांच्या वर्गाचा निकाल वेगळा मांडू नका. दोन वर्ग एकत्र करा. छोट्या गावात ‘नववीतले दोघं’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत कोण ते सगळ्यांना कळतं.

पहिली-दुसरी: चांगल्या वागण्याचा खेळ

सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गाचा तंबाखूशी काय संबंध? संबंध मोठा आहे. पहिलीतलं जे मूल सारखं उठतं, ढकलतं, मारतं, त्याला वर्ग हळूहळू बाजूला टाकतो. तिसरी-चौथीपर्यंत अशी बाजूला पडलेली मुलं एकमेकांना शोधतात, आणि पहिली पुडी बऱ्याचदा त्या घोळक्यात फुटते. साखळीची पहिली कडी पहिलीतच तोडता येते. ‘गुड बिहेवियर गेम’ ही पद्धत १९६९ मध्ये अमेरिकेत बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ यांनी मांडली. १९८०च्या दशकाच्या मध्यात बाल्टिमोरच्या पहिलीच्या वर्गांत शेपर्ड केलम यांच्या गटाने तिची चाचणी घेतली आणि त्या मुलांचा माग १९ ते २१ वयापर्यंत ठेवला. खेळ खेळलेल्या वर्गांतल्या मुलग्यांत, विशेषतः सुरुवातीला आक्रमक असलेल्यांत, पुढे ड्रग्जच्या आहारी जाण्याचं प्रमाण कमी आढळलं. त्या वर्गांत ड्रग्ज हा शब्दही कुणी उच्चारला नव्हता.

जिल्हा परिषदेच्या वर्गात तो असा चालवा. वर्गाचे सहा ते आठ मुलांचे गट करा. प्रत्येक गटात शांत, चुळबुळे, मुलं, मुली मिसळलेले हवेत. दोन इयत्ता एका खोलीत असतील तर दोन्ही इयत्ता मिसळा. गटांना फुलांची किंवा पक्ष्यांची नावं द्या. ‘हुशार गट’ वगैरे नको. चार नियम जाड अक्षरात भिंतीवर लावा: हळू आवाजात काम करू, एकमेकांशी नीट वागू, विचारून जागा सोडू, बाईंनी सांगितलेलं करू. ‘नीट वागू’ म्हणजे काय, हे पहिल्या दिवशी मुलांकडूनच करून दाखवा. पेन्सिल हिसकावणं आणि पेन्सिल मागणं, दोन्ही.

पहिले तीन आठवडे आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं. वेळ अशी निवडा की मुलं स्वतःचं काम करत असतील: शुद्धलेखन, बेरजा, चित्र. नवा धडा शिकवताना खेळ लावलात तर ना धडा होतो ना खेळ. फळ्यावर गटांची नावं लिहा आणि घड्याळ सगळ्यांना दिसेल असं ठेवा. कुणी नियम मोडला की शांत आवाजात एवढंच म्हणायचं, ‘मोर गटाला एक खूण, न विचारता जागा सोडली.’ मुलाचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडे रोखून बघायचं नाही, प्रवचन द्यायचं नाही. लगेच दुसऱ्या गटाकडे वळून, ‘पोपट गट हळू बोलतोय, छान.’ दहा मिनिटांत चार किंवा त्याहून कमी खुणा असलेला प्रत्येक गट जिंकतो. सगळे गट जिंकू शकतात, आणि जिंकावेत. स्पर्धा दुसऱ्या गटाशी लावली की खेळाचं वाटोळं होतं, कारण मुलं एकमेकांच्या चुका मोजू लागतात.

बक्षीस लगेच द्या आणि बिनपैशाचं द्या: दोन मिनिटं जागेवर नाच, प्राण्यांचे आवाज, टिकल्यांचं एक स्टिकर, मैदानावर पहिल्यांदा जाण्याचा मान. चॉकलेट नको. एक तर ते पुरत नाही, आणि महिनाभराने त्याशिवाय मुलं बसत नाहीत. दिवाळीपर्यंत वेळ वीस मिनिटांवर न्या आणि बक्षीस दिवसाच्या शेवटी द्या. दिवाळीनंतर कधीकधी न सांगता खेळ सुरू करा आणि संपल्यावर सांगा: ‘आत्ता खेळ चालू होता, बघा किती खुणा झाल्या.’ सवय खरी मुरते ती इथे, कारण खेळ चालू आहे की नाही हे मुलांना कळत नाही.

काय बिघडतं? पहिल्या आठवड्यात खुणा धडाधड पडतात, एकच गट सारखा हरतो आणि मुलं खेळच सोडून देतात. सुरुवातीला मर्यादा सैल ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक गट बहुतेक वेळा जिंकलेच पाहिजेत. दुसरं, एखादं मूल मुद्दाम आपल्या गटाला हरवतं आणि मधल्या सुट्टीत मार खातं. त्याला काही दिवस एकट्याचा गट करा, त्याच नियमांनी, त्याच बक्षिसासह. तीन-चारदा जिंकलं की परत घ्या. तिसरं आणि सर्वांत वाईट: हरलेल्या गटाची खेळाची सुट्टी कापणं. जे मूल बसू शकत नाही, त्याची धावण्याची वेळ काढून घेतली तर दुपारी ते आणखी बसू शकत नाही.

सहावी-सातवी: नाही म्हणायचा सराव

‘व्यसनाला नाही म्हणा’ हे भिंतीवर लिहिणं सोपं. बारा वर्षांच्या मुलाला मित्राला नाही म्हणायचं असतं, आणि ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट बॉटविन यांच्या शाळांसाठीच्या जीवनकौशल्य कार्यक्रमात पहिल्या वर्षी १५, दुसऱ्या वर्षी १० आणि तिसऱ्या वर्षी ५ तासिका असतात. उजळणीची वर्षं गाळली की परिणाम विरतो. आपल्याकडे १५ तासिका मिळणं अवघड असेल तर निदान १० धरा, आठवड्याला एक, ऑगस्टपासून. पदार्थांची माहिती त्यातल्या दोन तासिकांपुरतीच, तीही लगेच दिसणाऱ्या परिणामांची: तोंडाचा वास, पिवळे दात, धावताना लागणारा दम, महिन्याचा खर्च. १० रुपयांची पुडी रोज दोन घेतली तर वर्षाला ७,३०० रुपये. हा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. तीस वर्षांनी होणारा कॅन्सर बाराव्या वर्षी कुणालाच खरा वाटत नाही.

बाकी तासिका निर्णय घेणं, राग आल्यावर काय करायचं, अनोळखी मुलांत बोलणं, जाहिरात उलगडून बघणं यांना द्या. जाहिरातीसाठी टीव्हीवरची वेलचीची किंवा पानमसाल्याची जाहिरात घ्या आणि विचारा, एवढा महागडा नट एवढ्याशा वेलचीसाठी कशाला आणला असेल? सातवीची मुलं दोन मिनिटांत उत्तर काढतात.

नकाराचा सराव जोड्यांत, उभ्याने, मोठ्या आवाजात करायचा. लिहून काढून नाही. आग्रह करणाऱ्याची वाक्यं खरी हवीत:

‘खा की रे, एका पुडीनं काय मरतोस काय?’
‘नको. मला नाही चालत.’
‘पोरगी हायेस का?’
‘नको म्हटलं ना. चल, बॅटिंग कुणाची?’
‘मित्र असून असं?’
‘मित्र आहे म्हणून तर थांबलोय. येतोस का खेळायला?’

या नकारात कारण नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. कारण दिलं की वाद सुरू होतो. ‘आई मारेल’ म्हटलं की ‘कळणारच नाही’ हे उत्तर तयार असतं. छोटा नकार, तोच पुन्हा, मग विषय बदलणं आणि जागा सोडणं. प्रत्येक मुलाने निदान चार वेळा नकार द्यायचा. आग्रह करणाऱ्याची भूमिका मात्र फार रंगू देऊ नका. वर्गातल्या टग्याला ती दिली की टाळ्या त्यालाच पडतात. ती भूमिका सुरुवातीला शिक्षकांनीच करावी.

तासिकेत मदतीला आठवीतली मुलं घ्यायची असतील तर ती मुलांच्या चिठ्ठ्यांवरून निवडा: ‘तुम्हाला अडचण आली तर कुणाकडे जाल?’ पहिल्या बाकावरचा मॉनिटर बहुतेक वेळा या यादीत नसतो.

आठवी-नववी: आकड्यांची दुरुस्ती

इथे काम थोडं आहे. जुलैच्या प्रश्नावलीतला ‘दहापैकी किती’चा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी मांडा. बहुतेक शाळांत मुलांचा अंदाज खऱ्या आकड्याच्या कितीतरी वर असतो, कारण खाणारा दिसतो आणि न खाणारा दिसत नाही. ‘सगळेच खातात’ हा समज ढासळला की दबाव निम्मा उतरतो. पण तुमच्या शाळेतला खरा आकडाच मोठा निघाला तर हा तक्ता फळ्यावर लावू नका. तो उलट काम करेल. तेव्हा सरळ टपरी आणि उपचार याकडे वळा.

घर

पालकसभा बोलावली की आया येतात, वडील येत नाहीत. म्हणून सभा रविवारी सकाळी किंवा ग्रामसभेला जोडून ठेवा आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून निरोप द्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, त्यांच्या शब्दाला घरोघर वजन असतं. अमेरिकेतल्या १० ते १४ वयाच्या मुलांसाठीच्या कुटुंब कार्यक्रमात दोन-दोन तासांच्या सात बैठका असतात: पहिला तास पालक आणि मुलं वेगवेगळ्या खोल्यांत, दुसरा तास एकत्र. सात जमत नसतील तर तीन घ्या, पण एकत्रचा तास सोडू नका. पालकांनी ऐकलेलं घरी जाऊन वापरलं तर उपयोग, आणि त्याची पहिली तालीम त्या एकत्रच्या तासातच होते.

पालकांना सांगायच्या गोष्टी चारच ठेवा. मुलाला टपरीवर पुडी, बिडी, चुना आणायला पाठवू नका. महाराष्ट्रात कित्येक मुलांची तंबाखूशी पहिली ओळख ‘जा रे, पळत आण’ यातूनच होते, आणि १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं हा वडिलांसाठी असली तरी गुन्हाच आहे. वडील तंबाखू सोडत नसतील तर निदान मुलासमोर मळू नये, डबी घरात उघड्यावर ठेवू नये. संध्याकाळी मूल कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हे एका पालकाला रोज माहीत असावं. आणि नियम एकच, छोटा, आधी सांगितलेला: अमुक वाजता घरी, नाही आलास तर उद्या संध्याकाळ घरात. शिवीगाळ आणि पट्टा यांनी मूल खोटं बोलायला शिकतं, बाकी काही नाही.

आइसलँडचं उदाहरण पालकांना पटतं. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वयाच्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी पालकांत लेखी सामूहिक करार केले, १३ ते १६ वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री १० नंतर बाहेर राहू नये असा नियम केला आणि खेळ, संगीत यांच्या शिस्तीतल्या वर्गांवर पैसा ओतला. आपल्याकडे आइसलँडइतका पैसा नाही. पण शाळेच्या मैदानावर दोन दिवे, खो-खोचे खांब आणि साडेपाच ते साडेसात या वेळेला जबाबदार एक मोठं माणूस एवढं बहुतेक ग्रामपंचायतींना परवडतं. मोठं माणूस नसलेलं मैदान मात्र उपयोगाचं नाही. पुड्या तिथेच वाटल्या जातात.

घरात रोज दारू पिणारे वडील असतील तर एक सावधगिरी. उत्साहाच्या भरात ‘आजपासून बंद’ अशी शपथ त्यांना देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, फिट, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायचं. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी दाखवा.

टपरी

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या (कोटपा) कलम ६ प्रमाणे शैक्षणिक संस्थेच्या १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरमध्ये, तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. हे अंतर शाळेच्या दारापासून नव्हे, कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी सरळ रेषेत मोजायचं. ‘रस्त्याने गेलं तर दीडशे मीटर होतं’ हा टपरीवाल्याचा युक्तिवाद चालत नाही. १०० मीटरची टेप, दोन माणसं, मुख्याध्यापक आणि पोलीस पाटील हजर, रस्त्यावर पिवळी रेषा मारायची आणि पंचनाम्यासारखा कागद करून सह्या घ्यायच्या. शाळेच्या दर्शनी भागात बंदीचा फलक हवाच.

कोटपातला दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, त्याला कुणी भीत नाही. वजन येतं ते बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ मुळे. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. हे कलम छापलेला कागद दुकानदाराला शांतपणे, साक्षीदारासमोर द्या आणि पोच घ्या. धमकी देऊ नका, पंधरा दिवसांची मुदत द्या. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. म्हणून आता पानमसाल्याची एक आणि जर्द्याची एक अशा दोन पुड्या जोडून विकतात. तपासताना दोन्ही बघा.

टपरीवाला गावातलाच, बहुधा गरीब आणि कुणाचा तरी भाऊबंद असतो. त्याला पर्याय दिल्याशिवाय रेषा महिनाभरही टिकत नाही. वह्या, पेनं, चिक्की, शेंगदाणे ठेवलेस तर शाळेची खरेदी तुझ्याकडून, असा ठराव शाळा समितीने केला तर फरक पडतो. जिथे दुकानदार बधत नाही तिथे ग्रामसभेचा ठराव आणि तालुक्याला लेखी तक्रार, दोन्ही एकाच आठवड्यात. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असूनही २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ ही मोहीम उभारावी लागली. गावसंघटना, प्रशासन, जनजागृती आणि उपचार हे चारही भाग त्यात एकत्र चालवले गेले. नुसत्या बंदीचा कागद गावाला पुरत नाही, हे तिथे स्पष्ट दिसलं.

ज्याने सुरुवात केली आहे

दप्तरात पुडी सापडली तर वर्गासमोर काही बोलू नका. त्याच दिवशी, एकट्याला, दार उघडं ठेवून बसवा. विचारायच्या गोष्टी तीन: किती दिवसांपासून, दिवसात पहिली कधी (उठल्यावर अर्ध्या तासात लागत असेल तर सवय पक्की आहे), आणि सोडायचा प्रयत्न केलास तेव्हा काय झालं. मग त्याच्याशी मिळून एक तारीख ठरवा. निकोटिनची तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असते आणि दोन-चार आठवड्यांत बरीच उतरते. त्या काळात त्याला रोज दोन मिनिटं भेटणारं एक माणूस ठरवून ठेवा. खिशात बडीशेप, लवंग, आवळा सुपारी. निकोटिनचं च्युइंगम १८ वर्षांखाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे, मन खचलेलं दिसलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी, १४४१६.

शाळेतून काढून टाकू नका. शाळा ही त्याच्याकडे उरलेली थोडकी बांधणारी जागा आहे. आणि अशा पाच-सहा मुलांचा ‘समुपदेशन गट’ तर मुळीच करू नका. अमेरिकी संशोधक टॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं आहे की बेशिस्त मुलांना एकत्र बसवलं की ती एकमेकांच्या पराक्रमांवर हसतात आणि वागणं आणखी बिघडतं. एकेकटं भेटा, किंवा चांगल्या संघात एकेकाला मिसळा.

हुंगण्याच्या पदार्थांची गोष्ट वेगळी आणि तातडीची. कपड्याला थिनरचा वास, ओठांभोवती पुरळ, बोळा किंवा प्लास्टिकची पिशवी ही लक्षणं. मूल हुंगताना सापडलं तर ओरडू नका, पाठलाग करू नका. त्या अवस्थेत एकदम घाबरल्याने किंवा धावल्याने हृदयाचे ठोके बिघडून मूल जागच्या जागी दगावू शकतं. हळू बोलून बसवा, मोकळ्या हवेत आणा, पिशवी काढून घ्या, शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून १०८ ला फोन. रस्त्यावर राहणारं, आधार नसलेलं मूल असेल तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी.

पुढच्या जुलैत

तीच प्रश्नावली, त्याच पद्धतीने, आठवी-नववीला. आकडे ताडताना एक चूक हमखास होते: गेल्या वर्षीच्या आठवीची तुलना या वर्षीच्या नववीशी केली जाते. वय वाढलं की वापर आपोआप वाढतो, त्यामुळे चांगलं काम झालेलं असतानाही आकडा चढलेला दिसतो आणि सगळे खचतात. या वर्षीची आठवी गेल्या वर्षीच्या आठवीशी ताडा, नववी नववीशी. पहिल्या वर्षी फरक दिसेलच असं नाही. आधी हलतो तो ‘पहिली पुडी कुठून’ याचा आकडा: टपरीचा वाटा घटतो आणि घराचा, मोठ्या भावाचा वाटा वर येतो. असं झालं तर दुसऱ्या वर्षाच्या पालकसभेचा विषय तुमच्या हातात आहे. पहिलीतल्या खेळाचं फळ मात्र या प्रश्नावलीत दिसायला ती मुलं आठवीत पोचावी लागतील. तोवर त्यांच्या शिक्षिकेची बदली झाली तरी खेळ पुढच्या बाईंकडे जावा, म्हणून खेळाचे नियम आणि वेळांची वही शाळेच्या कपाटात ठेवा, शिक्षिकेच्या पिशवीत नाही.